नवऱ्याची पहिल्या लग्नाची मुलं (९ आणि १३ वर्षं) मला अजिबात जुमानत नाहीत. त्यांना आपलंसं कसं करू?

निदान पहिलं वर्षभर शिस्तीचं खातं पूर्णपणे नवऱ्याकडे सोपवा आणि तुम्ही रागावणं बंद करा. मुलं ‘तू आमची आई नाहीस’ म्हणाली की ‘नाहीच आहे, पण दप्तर दारातून उचलायला बाबांनी सांगितलंय’ एवढंच बोलायचं, वाद घालायचा नाही. सावत्र कुटुंबांचा दीर्घकाळ अभ्यास केलेल्या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ मेव्हिस हेदरिंग्टन यांचा निष्कर्षही असाच आहे: आधी ओळख, सख्ख्या पालकाला पाठिंबा, अधिकार मागाहून. (आपला १९५६चा हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदासुद्धा सावत्र आई-वडिलांना नैसर्गिक पालक मानत नाही!) भेटवस्तूंच्या नादी लागू नका, मुलं भाव वाढवतात. त्यापेक्षा धाकट्याला क्लासला रोज तुम्हीच सोडा. स्कूटरवर मागे बसून तोंडाकडे बघावं लागत नाही, म्हणून मुलं आपणहून बोलायला लागतात. तेरा वर्षांच्या मोठ्या भावंडाला जास्त वेळ लागेल, तिथे मागे लागू नका. त्यांच्या आईचा फोटो असेल तर तो जागचा हलवू नका, तिच्याबद्दल वाकडा शब्द तर नकोच. मात्र नवराच मुलांपुढे गप्प बसत असेल तर यातलं काहीही चालणार नाही. मग आधी नवऱ्याशी स्पष्ट बोला.