वाचकांचे प्रश्न: डिझेल पिकअपचा पुढचा भाग ढिला पडतो तेव्हा

पाऊण टन आणि एक टन वर्गातल्या डिझेल पिकअपचा पुढचा भाग लवकर झिजतो, त्याचं मुख्य कारण बॉनेटखाली आहे. कमिन्सचं सहा सिलिंडरचं इनलाइन इंजिन एकटंच सुमारे ५०० किलोचं. त्यात दोन बॅटऱ्या, इंटरकूलर आणि फोर-व्हील-ड्राइव्हचा पुढचा ॲक्सल. मागे माल नसला तरी पुढच्या बॉल जॉइंटांना (चाक वळू देणाऱ्या गोल सांध्यांना) या वजनातून सुट्टी मिळत नाही. या वेळी आलेले प्रश्न बहुतेक याच भागाबद्दलचे आहेत.

प्रश्न: ताशी ८०-९० किमीला पुलाच्या सांध्यावरून गेलं की स्टिअरिंग दोन्ही बाजूंना जोरात हिसकायला लागतं. गाडी जवळपास थांबवेपर्यंत ते थांबत नाही. स्टिअरिंग डँपर नवा टाकला, महिनाभर बरं गेलं, पुन्हा तेच. आता काय बदलू?

उत्तर: अजून काहीच बदलू नका, आधी ढिला जोड शोधा. पुढे सलग ॲक्सल आणि कॉइल स्प्रिंग असलेल्या गाड्यांमध्ये हा प्रकार बराच दिसतो. २००५ पासूनच्या फोर्ड सुपर ड्यूटी फोर-बाय-फोर आणि रॅमच्या २५००, ३५०० या मॉडेलांची रचना अशीच आहे. याला सगळीकडे ‘डेथ वॉबल’ म्हणतात. दोन्ही चाकं एकाच ॲक्सलवर असतात आणि टाय रॉडने एकमेकांना बांधलेली असतात. एका चाकाला बसलेला हिसका दुसऱ्यापर्यंत जातो, परत येतो, आणि वाटेतल्या जोडांत फट असेल तर विझण्याऐवजी वाढत जातो. नवा डँपर ही थरथर दाबून धरतो, पण फट तशीच राहते. तीच थरथर रोज झेलून डँपरही लवकर बसतो.

पहिला संशय ट्रॅक बारवर घ्या. ॲक्सल डावीकडे-उजवीकडे सरकू नये म्हणून चेसिस आणि ॲक्सल यांना तिरपा जोडणारा हा दांडा. त्याच्या एका टोकाला रबरी बुश असतो, दुसऱ्या टोकाला बुश किंवा बॉल जॉइंट. इथे दीड-दोन मिलीमीटरचा खेळ झाला तरी एवढा मोठा हादरा सुरू व्हायला तो पुरतो.

तपासणी अशी करा. गाडी सपाट जागेवर, चाकं जमिनीवर, हँडब्रेक ओढलेला, इंजिन चालू. जॅक लावू नका, कारण चाकं हवेत गेली की जोडांवरचा भार जातो आणि फट लपते. इंजिन चालू हवं, म्हणजे पॉवर स्टिअरिंगचा पूर्ण जोर जोडांवर येतो. मदतनिसाला स्टिअरिंग सरळ जागेपासून दोन्हीकडे थोडं थोडं, भरभर फिरवायला सांगा. तुम्ही बाजूने टॉर्च मारून एकेक जोड बघा: पिटमन आर्म (स्टिअरिंग बॉक्समधून निघणारा हात), ड्रॅग लिंकची (त्या हातापासून चाकाकडे जाणाऱ्या दांड्याची) दोन्ही टोकं, टाय रॉड एंड आणि सगळ्यात जास्त वेळ ट्रॅक बारची दोन्ही टोकं. बोटं जोडांपासून दूर ठेवा. चांगल्या जोडात दोन्ही भाग एकाच क्षणी हलतात. झिजलेल्यात एक भाग आधी हलतो आणि दुसरा मागून खटकन येतो. ट्रॅक बारच्या बोल्टाभोवती तांबूस पूड आणि ब्रॅकेटवर घासून चकाकणारी कड दिसली, तर बोल्ट भोकात फिरतो आहे. ते भोक लांबट झालं असेल तर नवा बुश घालून उपयोग नाही, आधी ब्रॅकेट दुरुस्त करा.

नवा ट्रॅक बार लावताना बरेच जण एक चूक करतात: गाडी जॅकवर असतानाच बोल्ट घट्ट करतात. बुशचं रबर आतल्या नळीला चिकटवलेलं असतं. ॲक्सल लटकलेला असताना आवळलं, तर गाडी खाली आल्यावर ते रबर कायम पिळलेल्या अवस्थेत राहतं आणि लवकर फाटतं. बोल्ट हाताने बसवा, गाडी चाकांवर उतरवा, मगच मॅन्युअलमधल्या टॉर्कला आवळा. ॲक्सलला चेसिसशी जोडणाऱ्या रेडियस आर्म आणि कंट्रोल आर्मच्या बुशांनाही हेच लागू.

टायरचा बॅलन्स, हवा आणि कॅस्टरही (चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा मागे झुकलेला कोन) बघा. हिसका बहुधा तिथून सुरू होतो, ढिले जोड तो वाढवतात. आणि रस्त्यात थरथर सुरू झालीच, तर स्टिअरिंग घट्ट धरा, ॲक्सिलरेटर सोडा आणि वेग हळूहळू उतरू द्या. स्टिअरिंग उलटसुलट फिरवून ती मोडायचा प्रयत्न करू नका.

प्रश्न: चाक उचलून हलवलं तर खेळ जाणवतो. एक मेकॅनिक बॉल जॉइंट म्हणतो, दुसरा हब बेअरिंग. कोणाचं खरं?

उत्तर: ब्रेक दाबून कळेल. ॲक्सलखाली जॅक लावून चाक जमिनीपासून थोडं उचला आणि स्टँडवर ठेवा. चाक वर-खाली धरून हलवा आणि त्याच वेळी मदतनिसाला ब्रेक दाबून ठेवायला सांगा. ब्रेक दाबला की डिस्क कॅलिपरमार्फत नकलला (हब धरणाऱ्या, स्टिअरिंगबरोबर वळणाऱ्या भागाला) जखडली जाते. त्यामुळे खेळ नाहीसा झाला तर दोष हब बेअरिंगचा. ब्रेक दाबूनही खेळ राहिला तर बॉल जॉइंटचा, आणि कोणता ते डोळ्यांनी दिसतं. चाक डाव्या-उजव्या कडांना धरून हलवल्यावरच खेळ येत असेल तर टाय रॉड एंड बघा.

त्यानंतर टायरखाली पहार घालून चाक सरळ वर उचलून बघा. सलग ॲक्सलमध्ये बहुतेक भार खालचा बॉल जॉइंट पेलतो, त्याचा उभा खेळ असाच सापडतो. अंदाजावर सोडू नका. डायल गेज लावून मोजा आणि कंपनीने दिलेल्या मर्यादेशी ताडून बघा. प्रत्येक चाकाचं वेगळं सस्पेन्शन आणि टॉर्शन बार (पिळला जाऊन स्प्रिंगचं काम करणारा दांडा) असलेल्या गाडीत जॅक चेसिसखाली लावू नका. तो खालच्या कंट्रोल आर्मखाली, बॉल जॉइंटच्या शक्य तितक्या जवळ लावा. नाहीतर टॉर्शन बारच्या ताणाने जोड दाबलेला राहतो आणि झिजलेला बॉल जॉइंटही घट्ट वाटतो.

बॉल जॉइंट बदलायचे ठरले तर सगळ्यात जास्त वेळ जातो तो नकलमध्ये गंजून बसलेलं हब बाहेर काढण्यात. हबचे बोल्ट पूर्ण काढू नका. थोडे ढिले करा आणि त्यांच्या डोक्यांवर आलटून पालटून ठोकत हब सरळ बाहेर आणा. फ्लँजवर घणाचे घाव घातले की बेअरिंग बाद होतं. एबीएसची वायर आधी सोडवा. कॅलिपर तारेने बांधून ठेवा, होजवर लटकू देऊ नका. नवे जोड प्रेसने सरळ बसवा. नट आवळण्याचा क्रम बहुतेक ठिकाणी असा असतो: खालचा अर्धवट, वरचा पूर्ण, मग खालचा पूर्ण. कॅसल नटचं (खाचांच्या नटचं) पिन घालायचं भोक जुळलं नाही तर नट किंचित पुढे आवळा, मागे कधीच फिरवू नका.

प्रश्न: पुढची बाजू ५ सेंमी उचलणारं लेव्हलिंग किट लावलं. तेव्हापासून स्टिअरिंग वाकडं राहतं आणि गाडी रस्त्यावर भरकटते.

उत्तर: दोन्ही त्रास भूमितीचे आहेत. ट्रॅक बार ९० सेंमी लांब आणि त्याच्या टोकांच्या उंचीत १० सेंमी फरक आहे असं धरा. गाडी ५ सेंमी वर गेली की तो फरक १५ सेंमी होतो आणि दांड्याचं आडवं अंतर सुमारे ७ मिमीने घटतं. म्हणजे चेसिसवर ट्रॅक बार ज्या बाजूला बसतो, त्या बाजूला अख्खा ॲक्सल तेवढा सरकतो. भरकटण्याचं कारण कॅस्टर. आर्म खाली झुकतात, ॲक्सल पुढे फिरतो आणि कॅस्टर कमी होतो. मग स्टिअरिंग आपणहून सरळ येत नाही.

दुरुस्तीचा क्रम महत्त्वाचा आहे. आधी लांबी बदलता येणारा ट्रॅक बार लावून ॲक्सल मधोमध आणा. मग कॅस्टर कंपनीच्या मापात आणा. या गाड्यांत तो साधारण ३ ते ५ अंश असतो. गाडीनुसार तो कंट्रोल आर्मच्या कॅम बोल्टने किंवा वरच्या बॉल जॉइंटच्या एक्सेंट्रिक बुशने बदलतो. मग टाय रॉडने टो (पुढची चाकं पुढच्या बाजूने किती आत वळलेली आहेत ते माप), आणि शेवटी ड्रॅग लिंकच्या स्लीव्हने स्टिअरिंग सरळ. फक्त ट्रॅक बार खाली आणणारा ब्रॅकेट लावून मोकळे होऊ नका. ट्रॅक बार आणि ड्रॅग लिंक समांतर राहिले नाहीत, तर प्रत्येक खड्ड्यावर गाडी स्वतःहून वळण घेते.

टो किती ठेवायचा? मॅन्युअलमधला आकडा अंशांत असतो, टेपने मोजायचा तर मिलीमीटर हवेत. ८०० मिमी व्यासाच्या टायरला एकूण ०.१ अंश म्हणजे सुमारे १.४ मिमी आणि ०.२ अंश म्हणजे २.८ मिमी. हबच्या उंचीवर दोन टायरांमधलं पुढचं अंतर मागच्यापेक्षा तेवढं कमी असायला हवं.

प्रश्न: स्टिअरिंग बराच फिरवल्यावर चाकं हलतात. गॅरेजवाले म्हणतात, स्टिअरिंग बॉक्सवरचा स्क्रू आवळू.

उत्तर: आधी बॉक्सचाच दोष आहे हे सिद्ध होऊ द्या. इंजिन चालू ठेवून मदतनिसाला स्टिअरिंग हळू डावीकडे-उजवीकडे फिरवायला सांगा. बॉक्समध्ये जाणारा शाफ्ट फिरतो, पण पिटमन आर्म लगेच हलत नाही, तर बॉक्स झिजला आहे. शाफ्टच उशिरा फिरत असेल तर वरच्या शाफ्टचा युनिव्हर्सल जॉइंट गेला आहे. आणि अख्खा बॉक्सच चेसिसवर डुलत असेल तर त्याचे बोल्ट आणि चेसिसला गेलेली चीर बघा. मोठे टायर लावलेल्या गाड्यांत तशी चीर पडते.

स्क्रू आवळायचाच असेल तर चाकं सरळ ठेवून, एका वेळी फेरीचा आठवा भाग. मग चालवून बघा. वळणानंतर स्टिअरिंग परत येईनासं झालं तर जास्त आवळलं गेलं, लगेच मागे घ्या. त्या अवस्थेत चालवलं तर आतले दात खराब होतात आणि बॉक्स दुरुस्तीपलीकडे जातो.

प्रश्न: माझ्या ड्युरामॅक्स (जीएमचं डिझेल इंजिन) गाडीला पुढे टॉर्शन बार आहेत. टायर कडेने खातोय आणि एक टाय रॉड किंचित वाकलेला दिसतो. काही आदळलेलं नाही.

उत्तर: आदळायची गरज नाही. फोर-व्हीलमध्ये जोरात ॲक्सिलरेटर दाबला की पुढची चाकं पुढे ओढली जातात, आत वळू पाहतात आणि टाय रॉडवर दाब येतो. सेंटर लिंक (दोन्ही टाय रॉडांना जोडणारा मधला दांडा), पिटमन आर्म आणि आयडलर आर्म (सेंटर लिंकचं दुसरं टोक धरणारा हात) ढिले असतील तर तो दाब सरळ न जाता तिरपा जातो आणि रॉड वाकतो. म्हणून नुसता रॉड बदलून भागणार नाही. आयडलर आर्म हाताने वर-खाली दाबून बघा, खेळ बहुधा तिथेच सापडतो. वाकलेला रॉड सरळ करून वापरू नका. नवा लावताना जुन्याचे उघडे आटे मोजून ठेवा, म्हणजे अलाइनमेंटला नेईपर्यंत गाडी नीट चालेल. टॉर्शन बार आवळून उंची वाढवली असेल तर ती आधी मूळ मापावर आणा.

प्रश्न: ग्रीस किती आणि कधी?

उत्तर: ग्रीस निपल असलेल्या जोडांना प्रत्येक ऑइल बदलाला, २ नंबरचं लिथियम कॉम्प्लेक्स ग्रीस. निपल आधी पुसा. जोडावरचा रबरी बूट फुगायला लागला की थांबा. बॉल जॉइंटला चाक उचलून ग्रीस मारा, म्हणजे ते भार येणाऱ्या बाजूपर्यंत पोचतं. बूट फाटलेला असेल तर आत पाणी आणि माती गेलीच आहे, तो जोड बदलायच्या यादीत घाला.

प्रश्न: हळू वळवताना ब्रेक दाबला की स्टिअरिंग जड होतं. हाही सस्पेन्शनचा दोष का?

उत्तर: नाही. डिझेल इंजिनात पेट्रोल इंजिनासारखा व्हॅक्यूम मिळत नाही, म्हणून यातल्या बऱ्याच गाड्यांत ब्रेकची मदत हायड्रो-बूस्ट करतं आणि त्याला तेल स्टिअरिंगच्याच पंपाकडून मिळतं. पंप अशक्त झाला की दोघांना एकदम पुरत नाही. तेलाची पातळी, फेस आणि बेल्ट बघा. मग इंजिन बंद करून ब्रेक बऱ्याच वेळा दाबा. पेडल कडक झालं की पाय तसाच ठेवून इंजिन सुरू करा. पेडल थोडं खाली जाऊन पायाला परत वर ढकलायला हवं. तसं झालं नाही तर पंप किंवा बूस्टर तपासून घ्या आणि तोवर गाडी मालाने भरू नका.