घरातले सहा गठ्ठे

प्रश्न : मी शिक्षिका आहे. शाळा, सासूबाईंची औषधं, बचतगटाचा हिशोब, सगळं एका यादीत लिहिते. यादी संपतच नाही. लोकांना ‘बघते हं’ म्हणते आणि विसरते, मग फार वाईट वाटतं. यादी सोबत पाठवते आहे. काय करू?
– एक वाचक, सांगली

उत्तर : ताई, तुमची यादी पाहिली. ‘पाचवीच्या वह्या तपासणे’ आणि त्याच्याखाली ‘प्लंबर’. वह्या तुमच्या हातात आहेत, प्लंबर नाही. दोन्ही एकाच रांगेत बसवल्यामुळे प्लंबर रोज तुमच्याकडे बघतो आणि तुम्हाला उगाच अपराधी वाटतं.

मी तहसील कार्यालयात ३१ वर्षं कारकुनी केली. आमच्याकडे दप्तर सहा गठ्ठ्यांत ठेवायची रीत आहे : चालू प्रकरणं, प्रतीक्षाधीन, नियतकालिकं, स्थायी आदेश, अभिलेख कक्षात पाठवायची आणि नष्ट करायची. घराला शेवटच्या तिघांसाठी एक फाइल आणि एक रद्दीची पिशवी पुरते. खरं काम पहिल्या तिघांचं.

प्रतीक्षाधीन म्हणजे आपण आपलं काम करून पुढे धाडलेलं, आता उत्तर दुसऱ्याकडून यायचंय असं प्रकरण. ते टेबलावर ठेवायचं नसतं, पण स्मरणपत्राची तारीख घातल्याशिवाय बाजूलाही ठेवायचं नसतं. म्हणून वहीत वेगळं पान करा आणि लिहा : ‘प्लंबर, सोमवारी सांगितलं, गुरुवारी विचारायचं.’ गुरुवारपर्यंत त्याचा विचार करायचा नाही. ‘बघते हं’ मात्र चालू पानावर, म्हणजे आपल्याच हातातल्या कामांच्या पानावर जाईल, कारण तिथे वाट बघणारा समोरचा माणूस असतो. समजा नणंदेला शब्द दिलात, तर तिच्यासमोरच वही काढा आणि कधीपर्यंत ते विचारून लिहा. कामाला तारीख नसेल, तर मी तरी ‘हो’ म्हणत नाही.

नियतकालिकं म्हणजे ठरल्या वेळी येणारी कामं. यात मी स्वतः चुकलो आहे. वडिलांमागे आईला कुटुंब निवृत्तिवेतन मिळायचं. त्यासाठी दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो. कचेरीतलं माझं एकही विवरणपत्र कधी उशिरा गेलं नाही, पण एका वर्षी आईचा दाखला राहिला आणि पेन्शन थांबली. दोन महिने ती माझ्याकडे औषधांचे पैसे मागताना अवघडून बोलायची. तो आवाज अजून कानात आहे. तेव्हापासून नवं कॅलेंडर भिंतीवर लावण्याआधी मी बारा पानं भरतो : एप्रिलात व्याजावर कर कापू नये म्हणून बँकेत द्यायचा फॉर्म, जुलैत प्राप्तिकराचं विवरणपत्र, नोव्हेंबरात दाखला, शिवाय विम्याचे हप्ते.

ॲप की वही, हा प्रश्न मला गौण वाटतो. सोमवारचा गोषवारा महत्त्वाचा. आम्ही दर सोमवारी मागची शिल्लक, नवी आवक, निकाली आणि उरलेली असे चार आकडे काढायचो. तुम्ही रविवारी रात्री काढा, वीस मिनिटं लागतील. उरलेल्यांत एखादं काम सलग चार आठवडे दिसलं, तर ते ज्याचं आहे त्याला फोन करून ‘हे माझ्याकडून होणार नाही’ असं सांगा. तुमच्या यादीत मला अशी तीन दिसली. त्यातलं बचतगटाच्या सहलीचं आधी सोडा, त्याला दुसरं कुणीतरी नक्की मिळेल.