सरकारी की खासगी, कुठल्या देशाची आरोग्यव्यवस्था चांगली?

तुमचा प्रश्न असा आहे की कॅनडातला मित्र म्हणतो सगळं फुकट आहे पण नंबर लागायला महिनोन्महिने जातात, अमेरिकेतली बहीण म्हणते काम लगेच होतं पण बिल बघून चक्कर येते, मग नक्की सरकारी चांगलं की खासगी. दोघंही खरंच बोलतायत. पण गंमत बघा, कॅनडातले बहुतेक डॉक्टर सरकारी नोकर नाहीतच, त्यांची स्वतःची प्रॅक्टिस असते, फक्त बिल पेशंटच्या ऐवजी प्रांताच्या सरकारला जातं. आणि तिकडे अमेरिकेत माजी सैनिकांची जी हॉस्पिटलं आहेत ती सरकारच्या मालकीची, डॉक्टर सरकारी पगारावर, म्हणजे कॅनडापेक्षाही जास्त सरकारी कारभार! त्यामुळे अख्ख्या देशावर एक शिक्का मारला की पुढचं सगळं गणित चुकतं.

मी अमेरिकन मेडिकल बिलिंगमध्ये काम करतो. क्लेम म्हणजे विमा कंपनीकडे पैशाची मागणी भरायची, ती नाकारली की कारण शोधायचं, अपील करायचं, हेच दिवसभर. त्यामुळे माझं सगळं बघणं बिलाच्या बाजूने आहे, एखादा डॉक्टर कदाचित वेगळं सांगेल. मला विचाराल तर तीन गोष्टी सुट्ट्या करून बघा: पैसे कोण गोळा करतं, हॉस्पिटल कोणाचं, आणि रेट कोण ठरवतं. लोक भांडतात ते दुसऱ्या गोष्टीवर. खरा फरक पडतो तो पहिल्या आणि तिसऱ्याने, त्यातही तिसऱ्याने जास्त.

जपान घ्या. 1961 पासून तिथे प्रत्येकाला विमा. हॉस्पिटलं बहुतेक खासगी, फक्त नफ्यासाठी चालणाऱ्या कंपनीला हॉस्पिटल काढता येत नाही. पण रेट? अख्ख्या देशाला एकच दरपत्रक, सरकार दर दोन वर्षांनी बसून ते बदलतं, आणि कुठल्याही दवाखान्यात गेलात तरी त्या तपासणीचा तोच रेट. पेशंट साधारण 30 टक्के भरतो, म्हाताऱ्या लोकांना त्याहून कमी, आणि महिन्याला अमुक रकमेच्या वर गेलं की उत्पन्नाप्रमाणे मर्यादा आहे, पुढचं तुमच्या खिशातून जवळजवळ जात नाही. लोकसंख्येच्या मानाने एमआरआय मशिनं सगळ्यात जास्त असणाऱ्या देशांत जपान येतो, म्हणजे रेट बांधले की सोयी आटतात हे काही खरं नाही.

आता अमेरिका. इथे प्रत्येक विमा कंपनी प्रत्येक हॉस्पिटलशी वेगळा सौदा करते. तेच हॉस्पिटल, तोच प्रोसिजर कोड (म्हणजे बिलावर तोच उपचार), आणि दोन पेशंटचे रेट काहीच्या काही वेगळे, कारण एकाची कंपनी मोठी आणि दुसऱ्याची छोटी, आणि ज्याच्याकडे विमाच नाही त्याच्या हातात आधी सगळ्यात फुगवलेला आकडा पडतो. 1 जानेवारी 2021 पासून हॉस्पिटलांना हे रेट जाहीर करायला लावलंय, पण त्या फायली एवढ्या अवाढव्य असतात की सामान्य माणसाने उघडून बघायची सोय नाही (आम्ही रोज त्यातच असतो तरी डोकं गरगरतं). आणि हे कोणी ठरवून आखलेलं नाहीये. 1942 मध्ये युद्धामुळे सरकारने पगारवाढीवर बंधनं आणली, मग माणसं टिकवायला कंपन्या पगाराऐवजी विमा द्यायला लागल्या, 1954 च्या कायद्यात त्याला करसवलत पक्की झाली, आणि नोकरी आणि विमा एकमेकांना कायमचे चिकटले. आता नोकरी गेली की विमाही जातो, तोही नेमका गरजेच्या वेळी. 1965 मध्ये म्हाताऱ्यांसाठी मेडिकेअर आणि गरिबांसाठी मेडिकेड आलं, 2010 मध्ये जास्त लोकांना विम्यात आणणारा ओबामांचा कायदा आला, तरी अडीच कोटींच्या आसपास लोक विम्याबाहेर राहिलेच. देशाच्या एकूण उत्पन्नाच्या 17 टक्क्यांवर खर्च, आणि आयुर्मान जपानपेक्षा पाचेक वर्षांनी कमी. त्यात बंदुका, ड्रग्ज, लठ्ठपणा हेही आहे, सगळं खापर हॉस्पिटलांवर फोडता येणार नाही, पण एवढा पैसा ओतून हे मिळत असेल तर खासगी म्हणजे आपोआप कार्यक्षम हे तरी कोणी सांगू नये.

ब्रिटनबद्दल तुम्ही विचारलं नाहीये पण त्याशिवाय हे पूर्ण होत नाही. 5 जुलै 1948 ला एनएचएस, म्हणजे तिथली सरकारी आरोग्यसेवा, सुरू झाली, करातून पैसा, पेशंटला बिलच नाही. अपघात झाला, हार्ट अटॅक आला तर त्या घटकेला पैशाचं नाव कोणी काढत नाही, आणि ही गोष्ट किती मोठी आहे ते दिवसभर अमेरिकन बिलं बघणाऱ्यालाच कळतं. पण गुडघा बदलायचाय, मोतीबिंदू काढायचाय, म्हणजे थांबू शकणारी कामं, तिथे हाल आहेत. इंग्लंडमध्ये 92 टक्के पेशंटचे उपचार 18 आठवड्यांत सुरू व्हावेत असं टार्गेट आहे, ते 2016 नंतर गाठता आलेलं नाही, आणि वेटिंग लिस्ट 70 लाखांच्या वर गेली. मग लोक पैसे भरून खासगीत जातात आणि म्हणतात बघा कसं झटपट झालं. अहो होणारच, तिथली खासगी हॉस्पिटलं मुख्यतः हीच सोपी, ठरवून करायची ऑपरेशनं घेतात, बहुतेकांकडे इमर्जन्सी विभागच नसतो, आणि मध्येच काही गंभीर झालं तर पेशंटला एनएचएसमध्येच हलवतात.

फुकट आहे म्हणून रांग लागते असं सगळे म्हणतात ते मला पटत नाही. जर्मनीत पण पैसा बहुतांश सक्तीच्या विम्यातूनच येतो, 1883 पासून, तेव्हाचा चॅन्सेलर बिस्मार्क याच्या काळापासून. पगाराच्या 14.6 टक्के अधिक थोडा वरचा भार, अर्धा मालक भरतो अर्धा कामगार, आणि नव्वद टक्क्यांच्या आसपास लोक याच व्यवस्थेत. पण तिथे ऑपरेशनसाठी ब्रिटनसारखं ताटकळावं लागत नाही, कारण दर हजार लोकांमागे जर्मनीत साडेसातच्या आसपास बेड आहेत आणि ब्रिटनमध्ये अडीचच्या आसपास. रांग ही बेड, नर्स, डॉक्टर कमी ठेवल्याची असते. जर्मनीत एक सापळा मात्र आहे. जास्त पगारवाल्याला सरकारी योजनेतून बाहेर पडून खासगी विमा घेता येतो, तरुणपणी तो स्वस्त वाटतो, डॉक्टरची वेळही लवकर मिळते, आणि वय वाढलं की प्रीमियम वाढत जातो आणि पंचावन्नीनंतर परत यायचं म्हटलं तर दार जवळजवळ बंद.

खासगी विम्यानेच सगळ्यांना सांभाळायचं असेल तर स्वित्झर्लंड बघा. 1996 पासून प्रत्येकाला विमा सक्तीचा, कंपन्या खासगी, पण मूळ पॉलिसीवर नफा कमवायला बंदी, आजारी माणसाला नाही म्हणायला बंदी, आणि पॉलिसीत काय असावं ते सरकारच ठरवतं. खासगी या शब्दात मग उरलं काय! आणि तरीही महागच, कारण प्रीमियम उत्पन्नावर ठरत नाही, कमी पगारवाल्याला सरकार मदत करतं पण मधल्या माणसाचं कंबरडं मोडतं. सिंगापूरचंही तसंच, मुक्त बाजारवाले त्याचे गोडवे गातात, पण तिथली बहुतेक मोठी हॉस्पिटलं सरकारच्याच मालकीची आणि 1984 पासून मेडिसेव्हमध्ये, म्हणजे प्रत्येकाच्या उपचारासाठीच्या बचत खात्यात, पगारातून सक्तीने पैसे कापले जातात.

आणि लोकांनी थोडे तरी पैसे भरायला पाहिजेत, नाहीतर उगाच डॉक्टरकडे जातात, हा मुद्दा कोणीतरी मांडणारच. यावर अमेरिकेतच 1970 च्या दशकात रँड या संशोधन संस्थेने मोठा प्रयोग केला. खिशातून भरावं लागलं की लोक डॉक्टरकडे कमी जातात हे खरं निघालं, पण त्यांनी अनावश्यक आणि गरजेचं दोन्ही सारखंच कमी केलं, आणि गरीब पेशंटचं ब्लडप्रेशर बिघडलेलं दिसलं. पेशंटला काय कळणार की आपली छातीतली कळ गॅसची आहे की हृदयाची? म्हणूनच नेदरलँड्समध्ये उपचारांचे वर्षाला पहिले 385 युरो स्वतःचे भरावे लागतात पण फॅमिली डॉक्टरची भेट त्यातून वगळलीय. शहाणपणाची तडजोड वाटते मला.

तर माझं मत विचाराल तर, अचानक काही झालं तर ब्रिटन किंवा कॅनडा, गुडघा बदलायचा असेल तर जर्मनी, आयुष्यभराचं दुखणं असेल तर जपान, आणि एखादा दुर्मिळ कॅन्सर असून भक्कम विमा असेल तर अमेरिका. यातल्या "भक्कम" वर जोर आहे. तुमच्या मित्राला हेही विचारा की औषधं, दात, चष्मा यांचं कोण भरतं, कारण 1984 च्या कॅनडाच्या कायद्यात डॉक्टर आणि हॉस्पिटल येतं, बाहेरची औषधं येत नाहीत, आणि त्यासाठी तिथेही बरेच जण नोकरीचाच विमा वापरतात.

बहिणीला मात्र सांगा की आलेलं पहिलं बिल लगेच भरू नको. आधी विमा कंपनीकडून ईओबी येतो, म्हणजे त्यांनी किती मान्य केलं आणि तुझा वाटा किती याचा कागद, तो आणि बिल शेजारी ठेवून आकडा जुळतो का बघ. मग हॉस्पिटलकडे आयटमवाइज बिल माग, त्यात दोनदा लावलेल्या गोष्टी सापडतात, मी रोज बघतो. इमर्जन्सीत नेटवर्कबाहेरच्या (म्हणजे विमा कंपनीशी करार नसलेल्या) डॉक्टरने जादा लावलं असेल तर 2022 पासून लागू असलेल्या नो सरप्रायझेस कायद्याचं नाव घे, तो अशा अचानक येणाऱ्या जादा बिलांविरुद्धच आहे. आणि हॉस्पिटल ना-नफा असेल तर आर्थिक मदतीचं लेखी धोरण ठेवणं त्यांना कायद्याने भाग आहे, तो फॉर्म माग, न मागता सहसा कोणी देत नाही.