पहिल्यांदाच धनुष्य घेऊन हरणामागे जातोयस ना, मग हे वाच

अरे, पहिल्याच वर्षी मोठा बक (म्हणजे नर हरीण) मिळेल ही आशा सोड. साडेचार-पाच वर्षांचा व्हाइटटेल (पांढऱ्या शेपटीचं अमेरिकन हरीण) नर म्हणजे पक्का बेरकी, वारा जरा फिरून तुझा वास त्याच्याकडे गेला की तुला दिसायच्या आधीच गायब. मी ओहायोत तीन सीझन झाडावर नुसता कुडकुडत बसलोय, आणि नोव्हेंबरात रट, म्हणजे हरणांचा माजाचा हंगाम, चालू असताना एकदाचा आला तो २५ यार्डावर, पण तोंड माझ्याकडे करून, मग सोडलाच नाही बाण. बायको अजून हसते. पण समोरून मारायचाच नाही, आडवा किंवा किंचित पाठमोरा असेल तरच, बाण फुप्फुसांतून गेला पाहिजे. घरामागे टार्गेटवर ४० यार्ड जमतं ते विसर, दोरीचा आवाज ऐकून हरीण खाली दबतं आणि बाण भलतीकडेच लागतो. बाणाला हिरवट घाण नि वास आला तर समज पोटात लागलाय, लगेच मागे धावू नकोस, ८-१२ तास थांब, नाहीतर ते उठून लांब जातं, तडफडत मरतं आणि सापडतही नाही. माझं एक असंच गेलं, दोन दिवस शोधलं. अजून त्रास होतो रे. आणि हो, हार्नेस (पडू नये म्हणून अंगाला बांधायचा पट्टा) घातल्याशिवाय झाडावर चढू नकोस.