आर (आकडेवारीसाठीची प्रोग्रामिंग भाषा) मध्ये कॉलम समोर दिसत असताना 'ऑब्जेक्ट नॉट फाउंड' का येतं? आधी अटॅच केलं तर सुटेल का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो: नाही. अटॅच (डेटाफ्रेमचे, म्हणजे आरमधल्या तक्त्याचे, कॉलम नुसत्या नावाने वापरू देणारं फंक्शन) करू नका.

तुम्ही लिहिलंय की सीएसव्ही नीट वाचली गेली, व्ह्यूमध्ये एजचा कॉलम दिसतो, पण कधी 'ऑब्जेक्ट नॉट फाउंड' येतं, तर कधी 'डॉलर ऑपरेटर इज इनव्हॅलिड फॉर अ‍ॅटॉमिक व्हेक्टर्स'. आणि सहकारी म्हणतात, वरती एकदा अटॅच करून टाक, कटकट मिटेल. कटकट मिटते हे खरंच आहे. माझं दुखणं तिथेच आहे.

आमच्या टीममध्ये एक सीनियर होते. त्यांची प्रत्येक स्क्रिप्ट अटॅचने सुरू व्हायची. एका सर्वेक्षणाचा डेटा होता आणि ज्यांचं वय कळलं नव्हतं त्यांच्यापुढे ९९ लिहिलेलं. साहेबांनी फाइल वाचली, अटॅच केली, मग डेटाफ्रेममधल्या ९९ च्या जागी शिस्तीत एनए (माहिती नाही) भरले आणि खाली नुसतं मीन ऑफ एज काढलं. एरर नाही, वॉर्निंग नाही. सरासरी आली तीही पटण्यासारखी, थोडी जास्त एवढंच. तपासणीला स्क्रिप्ट माझ्याकडे आली तेव्हा मी तीच सरासरी एनए वगळून डेटाफ्रेममधून थेट काढली, तर आकडा वेगळा.

कारण साधं आहे. अटॅच तुमचा डेटाफ्रेम उघडून ठेवत नाही, त्याची प्रत करून सर्च पाथवर (नावं शोधायच्या जागांच्या यादीत) ठेवतो. नंतर मूळ डेटाफ्रेममध्ये काहीही दुरुस्त करा, प्रत आहे तशीच राहते. मीनने ते सगळे ९९ गुण्यागोविंदाने धरून सरासरी काढली होती. बरं, कधी तुमच्या वर्कस्पेसमध्ये आधीपासून एज नावाचं दुसरंच काही पडलेलं असेल, तर प्रतीच्याही आधी ते उचललं जातं. तेव्हा 'मास्क्ड बाय ग्लोबल एन्व्हायर्नमेंट' असा लाल अक्षरातला निरोप येतो, पण तो कोण वाचतं?

हे मी दाखवलं, त्यावर उत्तर मिळालं, "एरर तर येत नाहीये ना? मग कोड बरोबर आहे." चर्चा तिथेच संपली, कारण ते सीनियर होते. आज ते हे वाचत असतील तर अटॅचचं आरमधलंच मदतीचं पान उघडावं. चुकीचं ऑब्जेक्ट उचललं जाऊ शकतं, लोक डिटॅच करायला विसरतात, त्यापेक्षा विथ (तेवढ्या एका ओळीपुरतं डेटाफ्रेमच्या आत बघणारं फंक्शन) वापरा, असं तिथे स्पष्ट लिहिलेलं आहे.

आता तुमच्या एररकडे. पहिली येते कारण एज हे स्वतंत्र ऑब्जेक्ट नाहीच, ते डेटाफ्रेमच्या आत आहे. विथमध्ये गुंडाळा किंवा डेटाफ्रेमचं नाव आणि डॉलर चिन्ह पुढे लावा. तरीही कॉलम सापडत नसेल तर नेम्स (कॉलमची नावं छापणारं फंक्शन) चालवा आणि तिथे छापलेलं नावच वापरा, एक्सेलमधलं नाही. रीड सीएसव्ही नावातल्या स्पेसचा टिंब करतं. एक्सेलमधून यूटीएफ-८ म्हणून सेव्ह केलेल्या फाइलच्या पहिल्या कॉलमला पुढे कचरा चिकटलेला असतो. तसं दिसलं तर फाइल एन्कोडिंगमध्ये 'यूटीएफ-८-बॉम' द्या.

दुसरी एरर म्हणजे ज्याला तुम्ही डेटाफ्रेम समजताय तो आता साधा व्हेक्टर (एकाच प्रकारच्या किमतींची रांग) झालाय. चौकटी कंसात स्वल्पविरामासह एकच कॉलम निवडला की आर डेटाफ्रेम मोडून व्हेक्टर हातात देतं. ड्रॉप इक्वल्स फॉल्स लिहा, थांबेल. किंवा तुम्ही अप्लायने ओळीओळीवर फंक्शन चालवत असाल. अप्लाय आधी सगळ्याचं मॅट्रिक्स (एकाच प्रकारच्या किमतींचा तक्ता) करतं, आणि एक जरी कॉलम मजकुराचा असेल तर आकडेसुद्धा मजकूर होतात. तिथे डॉलर चालत नाही हे तुमचं नशीब समजा. चाललं असतं तर आकड्यांची तुलना मजकूर म्हणून झाली असती आणि तुम्हाला कळलंही नसतं.

डेटाफ्रेमला डीएफ नाव देऊ नका हेही जाता जाता. त्या नावाचं फंक्शन आरमध्ये आधीपासून आहे (एफ डिस्ट्रिब्यूशनची डेन्सिटी). फाइल वाचायची ओळ फसली की 'ऑब्जेक्ट ऑफ टाइप क्लोजर इज नॉट सबसेटेबल' येतं आणि माणूस भलतीकडेच शोधत बसतो.

खरी भीती एरर न येण्याची आहे, आणि त्यात अटॅचच्या खालोखाल गुन्हेगार डॉलर. साध्या डेटाफ्रेममध्ये डॉलरपुढे अर्धवट नाव लिहिलं तरी ते जुळवून घेतं: कॉलम 'वेट केजी' असेल आणि तुम्ही 'वेट' लिहिलंत तरी चालतं. उद्या कोणी 'वेट पाउंड' असा दुसरा कॉलम घातला की दोन्ही जुळतात, म्हणून आर गुपचूप नल (म्हणजे काहीच नाही) देतं. नलची बेरीज शून्य. अहवालात शून्य छापलं जातं. ऑप्शन्समध्ये 'वॉर्न पार्शल मॅच डॉलर' ट्रू करून ठेवा, अर्धवट नाव जुळवताना निदान ओरडेल तरी. दुहेरी चौकटी कंस अर्धवट नाव जुळवत नाहीत, पण नसलेल्या कॉलमला तेही नलच देतात. स्वल्पविरामासह एकेरी कंस वापरलात तर 'अनडिफाइन्ड कॉलम्स सिलेक्टेड' म्हणून तिथल्या तिथे थांबवतात. मला तेच आवडतं, जास्त टाइप करावं लागलं तरी.

हे सगळं बेस आरच्या डेटाफ्रेमबद्दल झालं, हे आधीच सांगायला हवं होतं. टिबल (वेगळ्या पॅकेजमधला डेटाफ्रेमचा प्रकार) असेल तर अर्धवट नाव जुळत नाही, डॉलरला वॉर्निंग मिळते, आणि एकच कॉलम निवडला तरी टिबलच राहतो. डेटा टेबल या पॅकेजचे नियम आणखी वेगळे. तेव्हा आधी क्लास (ऑब्जेक्टचा प्रकार) बघा.

एवढ्याने नाही सुटलं तर एसटीआरचं (ऑब्जेक्टची रचना दाखवणाऱ्या फंक्शनचं) आउटपुट आणि एररच्या आधीच्या चार-पाच ओळी इथे चिकटवा. नुसत्या एररचा स्क्रीनशॉट नको.