आदिवासी समाजात स्त्री थेट प्रमुख झाल्याचं एखादं ठळक उदाहरण आहे का?

आहे. अमेरिकेतल्या चेरोकी राष्ट्राच्या, म्हणजे चेरोकी या आदिवासी जमातीच्या स्वशासित संघटनेच्या, प्रमुख विल्मा मॅनकिलर. १९८५ मध्ये आधीचे प्रमुख केंद्र सरकारच्या पदावर गेले, म्हणून उपप्रमुख विल्मांकडे सूत्रं आली. १९८७ मध्ये त्या रीतसर निवडून आल्या आणि १९९१ मध्ये ८० टक्क्यांहून जास्त मतं घेऊन पुन्हा.

पण मला पदापेक्षा त्यांचं आधीचं काम मोठं वाटतं. ओक्लाहोमातल्या बेल या खेड्यात कित्येक घरांत नळच नव्हता. विल्मांनी बाहेरून कंत्राटदार आणला नाही, गावालाच कामाला लावलं. सुमारे १६ मैलांची जलवाहिनी! चर खणण्यापासून पाइप टाकण्यापर्यंत सगळं गावकऱ्यांनी केलं. आपल्याकडे याला सरळ श्रमदान म्हणतील. ‘हे लोक फुकट राबणार नाहीत’ म्हणणाऱ्यांची तोंडं त्यानं बंद झाली.

१९८३ मध्ये उपप्रमुखपदाला उभ्या राहिल्या तेव्हा मात्र ‘बाई नको’ म्हणून जिवे मारण्याच्या धमक्या आल्या, गाडीचे टायर फाडले गेले. आणि हे कुठे, तर जिथे कूळ पूर्वापार आईकडून चालतं तिथे! बाईनं पुढारपण करू नये हे खूळ गोऱ्यांकडून आलं, असं विल्मांचं स्पष्ट म्हणणं होतं.