पाइप, पिंप आणि ‘बफर होतंय’

प्रश्न असा आहे: दोन प्रोग्राम पाइपने जोडले, म्हणजे एकाचं आउटपुट थेट दुसऱ्याला दिलं, की मधल्या ‘बफर’ला (डेटा तात्पुरता थांबतो त्या जागेला) मराठीत काय म्हणावं, ‘साठवणी’ चालेल का? शिवाय पाइपमधून डेटा नुसता वाहतो असं शिकवलंय, मग तो साठतो कुठे?

आधी एक सांगतो. व्हिडिओ थांबला की ‘बफर होतंय’ हे ऐकून कान किटले आहेत. बफर भरलेला असता तर व्हिडिओ थांबलाच नसता. तो आटला म्हणून चकती फिरते. बाकी रेल्वेचा धक्का खाणारा बफर, त्यामागचा ‘फटका’ या अर्थाचा जुना फ्रेंच शब्द, हे कुठल्याही कोशात मिळेल.

खरा ऐवज ‘पाइप’मध्ये आहे. लॅटिनमध्ये ‘पीपारे’ म्हणजे चिवचिवणं. त्यावरून ‘पीपा’ म्हणजे फुंकून वाजवायची नळी, पुढे कुठलीही पोकळ नळी. पोर्तुगीजांनी त्याच ‘पीपा’त दारू भरली, म्हणजे त्यांच्याकडे त्याचा अर्थ लाकडी पिंप झाला. चावी, पगार, बटाटा आले तसा तोही आपल्याकडे आला: पीप, पिंप. म्हणजे पाइप आणि पिंप सख्खी भावंडं! काही जण पिंप इंग्रजीतून आल्याचं ठासून सांगतात. इंग्रजी ‘पाइप’लाही पिंपाचा अर्थ आहे, हे कबूल. पण इंग्रजीतून आलेला शब्द आपण ‘पाइप’ असाच घेतला, ‘आइ’सकट. ‘पिंप’मधला इकार मग कुठून आला? याचं उत्तर या मंडळींनी द्यावं.

आता युनिक्सकडे या, म्हणजे ज्या संगणक-प्रणालीत हे पाइप आले तिच्याकडे. प्रोग्राम बागेतल्या नळ्यांसारखे एकमेकांना जोडता यावेत, असं संगणकतज्ज्ञ डग मॅकिलरॉय यांनी अमेरिकेतल्या बेल लॅब्स या संशोधनसंस्थेत १९६४ साली लिहिलं. त्यांचे सहकारी केन थॉम्पसन यांनी १९७३ मध्ये ते युनिक्समध्ये आणलं. त्या नळीवरच सगळ्यांची नजर खिळली आणि आपल्याकडे पाइपसाठी ‘नलिका’ हा शब्द आला. पण कर्नलच्या, म्हणजे प्रणालीच्या गाभ्याच्या, आत बघा, तिथे चक्क पिंप आहे, तोच आपला बफर! लिनक्स या युनिक्ससारख्या प्रणालीत त्यात एरवी ६५,५३६ बाइट मावतात, पूर्वी ४,०९६ मावत. लिहिणारा प्रोग्राम भरत राहतो. पिंप काठोकाठ भरलं की कर्नल त्याला झोपवतो, वाचणाऱ्याने उपसलं की उठवतो. पिंप कोरडं असेल तर झोपायची पाळी वाचणाऱ्याची. वाचणारा कायमचा निघून गेला आणि तरी कुणी ओतू लागला, तर त्याला ‘सिगपाइप’ हा सिग्नल (कर्नलचा इशारा) मिळतो आणि तो बहुधा तिथेच संपतो. ‘नलिका’ या शब्दात यातलं काहीच दिसत नाही. ‘पिंप’ म्हटलं की भरणं, उपसणं, थांबणं सगळं आलं, आणि व्युत्पत्तीचाही आशीर्वाद आहे.

‘पाइप अडकला’ ही तक्रार मात्र बऱ्याचदा खोटी असते. चालू लॉगवर, म्हणजे सतत भरत जाणाऱ्या नोंदींवर, ‘ग्रेप’ (हव्या त्या ओळी निवडणारा प्रोग्राम) लावा, ओळी लगेच दिसतात. त्याच्यापुढे आणखी एक ‘ग्रेप’ जोडा, पडदा कोरा! पहिल्या ‘ग्रेप’ला आपलं आउटपुट टर्मिनलकडे (पडद्याकडे) न जाता पाइपकडे जातंय हे कळतं, म्हणून तो ओळी स्वतःजवळ जमवतो आणि गठ्ठ्याने ओततो. कर्नलच्या पिंपात तेव्हा काहीच नसतं. पहिल्या ‘ग्रेप’ला ‘लाइन-बफर्ड’ हा पर्याय द्या, ओळी वाहू लागतील.

आणि हो, ‘साठवणी’ नको. साठवणीत माल टिकवायचा असतो. इथला डेटा एकदा उपसला की गेला.